आजींचं गाठोडं आणि माझी साक्ष

'माउली, गळ्यात माळ दिसंना?' दिवे घाट चढताना शेजारच्या वारकऱ्याने विचारलं. माळ घातलेली नाही, देव आहे की नाही याबद्दल माझं अजून काही ठरलेलं नाही, असं मी सांगून टाकलं. वाटलं होतं, आता प्रवचन ऐकावं लागणार. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, 'बरं. पर टाळ धरता येतो का?' आणि स्वतःचे टाळ माझ्या हातात देऊन ते पाणी प्यायला बाजूला झाले.

मावसभावाची दिंडी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीतली, रथामागची. बरीच वर्षं तो 'चल एकदा' म्हणत होता. माझी नोकरी न्यायालयात लघुलेखकाची गेली. साक्षीदार बोलतो तसं टिपून घ्यायचं, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही. अशा कामात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला ऐकीव गोष्टींचा कंटाळा येतो, आणि वारीत तर ऐकीव गोष्टींना तोटा नाही. कुणाला कुठे माउलींनी पाणी पाजलं, कुणाच्या पायाचे फोड एका रात्रीत गेले. मी ऐकत होतो, मान हलवत होतो आणि मनातल्या मनात 'स्वतः पाहिलं का?' असं विचारत होतो.

घाटात मात्र हे सगळं मागे पडलं. रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, वर वळणावळणाने पताकांची रांग, आणि टाळांचा ठेका असा की पाय आपोआप त्याच्यामागे जातात. दम लागला की माणसाला शंका काढायला सवड राहत नाही, हेही खरं. पण त्याला श्रद्धा म्हणायचं का? मी म्हणणार नाही. लष्कराच्या संचलनातही पाय असेच उचलले जातात.

मला जे सांगायचं आहे ते जेजुरीच्या पुढे घडलं. आमच्या दिंडीत परभणीकडच्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या. सासवडहून निघाल्यावर कुठेतरी गर्दीत त्यांचं गाठोडं हरवलं. आत फार काही नव्हतं. एक लुगडं, गुडघ्याच्या गोळ्या, आणि नातवाने घरच्यांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिलेली वही. दोन दिवस आजी काही बोलल्या नाहीत, पण अभंगातलं त्यांचं लक्ष उडालेलं दिसत होतं.

वाल्ह्याच्या तळावर समाज आरती झाली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. मग चोपदार हातातला चोप वर करतात आणि तो सगळा कल्लोळ एकदम थांबतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणं ऐकतात. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावून दिली, ती अजून चालते आहे. न्यायालयात आयुष्य काढलेल्या मला ही पद्धत फार आवडली. ज्याचं म्हणणं ऐकलेलं नाही, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेलाच पाहिजे.

याच वेळी हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात. निळ्या धडप्यात बांधलेलं गाठोडं सापडल्याचं पुकारलं. आजींना कमी ऐकू येतं, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. दुसऱ्या दिंडीतला एक पोरगा उभा होता, विशीच्या आतबाहेरचा, स्वतःच्या पाठीवर पिशवी आणि काखेत आजींचं गाठोडं. त्याने ते लगेच दिलं नाही. म्हणाला, 'आजी, आत काय काय हाय ते सांगा.' आजींनी एकेक करून सांगितलं. गोळ्यांचं पाकीट कोणत्या रंगाचं तेही सांगितलं. मग त्याने गाठ सोडून बघितली आणि गाठोडं त्यांच्या हातात ठेवलं. आजी त्याच्या पाया पडायला वाकल्या, तोही वाकला, दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

परतताना आजी म्हणाल्या, 'माउलीनं आणून दिलं बाबा.'

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, 'आजी, त्या पोराने आणलं ना?'

'मग? माउलीला काय हात हायेत का? हात पोराचेच की.'

मी गप्प बसलो. वस्तुस्थिती त्यांना माझ्याइतकीच नीट माहीत होती. पोराचं नावगावही विचारून घेतलं होतं. त्या वर आणखी काहीतरी म्हणत होत्या, आणि ते खरं की खोटं हे तपासायला माझ्याकडे साधन नव्हतं. पण त्यांनी त्यासाठी घडलेल्या गोष्टीतला एक धागाही इकडचा तिकडे केला नव्हता.

ते दुसऱ्यांनी केलं. लोणंदला गोष्टीत पोराचं रूप तेजस्वी झालं. तरडगावपर्यंत गाठोडं आपोआप तंबूच्या दाराशी येऊन पडलेलं होतं. फलटणच्या मुक्कामात रात्री भजन झाल्यावर आमच्याच दिंडीतल्या एका बोलक्या माणसाने नव्या आलेल्यांना सांगायला सुरुवात केली: पोराने गाठोडं दिलं, आजींनी मान वर केली तर समोर कुणीच नाही! बायकांनी हात जोडले. मी काही बोलणार, तेवढ्यात आजीच कोपऱ्यातून ओरडल्या.

'खोटं कामून सांगता वो? त्यो पोरगा पलीकडल्या दिंडीतला हाय. त्यानं मला इचारलं, गाठोड्यात काय हाय म्हून. माउलीला इचारावं लागतंय व्हय?'

हसण्याचा मोठा फवारा उडाला. तो माणूसही हसला, पण नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, 'अहो साहेब, लोकांची श्रद्धा वाढते. त्यात कुणाचं काय बिघडलं?'

हा प्रश्न मला पुढे नातेपुते, माळशिरस सरेपर्यंत पुरला. आणि चालता चालता माझं एका जागी पक्कं झालं: बिघडलं ते त्या पोराचं. दोन दिवस परक्या म्हातारीचं ओझं वाहणारा, तपासून घेऊन मगच परत देणारा एक माणूस त्या गोष्टीतून पुसला गेला. चमत्कार करायचा तर त्याला अदृश्य करावंच लागतं. अशी गोष्ट ऐकून हात जोडणाऱ्याला देव मोठा वाटेल, पण उद्या कुणाचं गाठोडं सापडलं तर ते उचलून वाहायला हवं, हे त्याला त्यातून कळणार नाही.

न्यायालयात मी शपथा पुष्कळ लिहून घेतल्या. ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यायची, किंवा देव मानत नसाल तर गांभीर्यपूर्वक दृढकथन करायचं; 1969 च्या शपथ कायद्याने ही दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत. ईश्वराला साक्षी ठेवून बेधडक खोटं बोलणारे मी पाहिले, आणि दृढकथन करून स्वतःच्या भावाविरुद्ध खरं सांगणाराही पाहिला. म्हणून देव मानणारा तो सत्यवचनी, असलं गणित मी कधी मांडलं नाही. पण याच्या उलटही एक भाबडेपणा आहे आणि तो माझ्यात होता. श्रद्धाळू माणसाला घडलेलं आणि मानलेलं यातला फरक कळत नाही, असं मी धरून चाललो होतो. आजींना तो कळत होता. आमच्यातल्या त्या बोलक्या माणसालाही कळत होता, म्हणून तर त्याला रंग चढवावा लागला.

तुकोबांनी 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' असं म्हटलं. वारीत हा अभंग शेकडो तोंडांनी एकदम म्हटला जातो, यातली गंमत कुणी बोलून दाखवत नाही. बहुमत न मानण्याची गोष्ट बहुमताने गायची! पण हा अभंग ऐकताना मला तुकोबा श्रद्धावान वाटतात ते यामुळेच. देवापुढे उभं राहायचं तर स्वतःच्या मनाला फसवून उभं राहता येत नाही, हा त्यांचा आग्रह. माझं मन अजून 'ठरलेलं नाही' अशीच ग्वाही देतं. ती बदलून 'आहे' असं म्हटलं असतं तर दिंडीत माझं कौतुक झालं असतं, मावसभावाला आनंद झाला असता. तरीही मी ते म्हटलं नाही, आणि कुणी म्हणायलाही लावलं नाही. वीणा घेतलेल्या बुवांनी तर एकदा सरळ सांगितलं, 'शंका असू द्या, ढोंग नको.'

पंढरपुरात गर्दीचं काय वर्णन करायचं! पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहण्याची ताकद आजींच्यात नव्हती. त्यांनी चंद्रभागेत स्नान केलं, कळसाला हात जोडले आणि महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी आल्या. तिथे एक गृहस्थ आपल्या कुटुंबाला कथा सांगत होते: चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी ओळखल्या त्या त्यांतून येणाऱ्या विठ्ठलनामावरून. कथा त्यांनी सुरेख सांगितली. त्यांच्या मुलीने, सातवी-आठवीतली असेल, विचारलं, 'पण ते वारले कशाने?' गृहस्थ म्हणाले, 'देवाने नेलं.'

मला राहवलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, भिंत कोसळली आणि कामावरची माणसं तिच्याखाली गाडली गेली, त्यात चोखोबा होते, असं परंपराच सांगते, असं मी त्या मुलीला सांगितलं. समाधी इथे बाहेर का आहे, तेही सांगितलं. त्यांच्या जातीच्या माणसांना देवळात पाऊल टाकू देत नसत; ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. अस्थींतून नाम ऐकू आलं की नाही यावर मी काही बोललो नाही. त्या कथेशी माझं भांडण नव्हतंच. भिंत कोसळलेली आणि दार लावलेलं त्या कथेच्या आड जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

गृहस्थ जरा नाराज झाले. 'आज एकादशी आहे हो, आज कशाला हे सगळं?' म्हणाले.

मी म्हटलं, आजच सांगायला हवं. आजींनी मान डोलावली आणि मुलीला जवळ बोलावून ती भिंत कुठली, ते काम कुणाचं, हे त्या स्वतःच मला पुन्हा विचारू लागल्या.