“डोक्याले रक्त बराबर जाऊन राह्यलं न?”

मे महिन्यातली दुपार. उमरेडकडची पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा, सोबत सासू. चिठ्ठीवर बीपी १६०/११०, लघवीत प्रथिनं. डोकं दुखतं ते उन्हामुळे, म्हणून घरी कांदा-पन्हं चालू होतं. नागपूरच्या मे महिन्यात हे कोणालाही पटावं.

सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवला. बाळाच्या पोटाचा घेर बराच मागे, डोक्याचा मात्र जवळपास बरोबर. नाळेच्या धमनीत दोन ठोक्यांच्या मधे प्रवाह थांबत होता. मेंदूतल्या धमनीत उलट भरपूर रक्त.

“म्हंजे लेकराच्या डोक्याले रक्त बराबर जाऊन राह्यलं न मॅडम?”

रिपोर्टमधला मेंदूच्या रक्तप्रवाहाचा हाच आकडा घरच्यांना हमखास दिलासा देतो आणि मला धडकी भरवतो. गर्भाशयाच्या ज्या रक्तवाहिन्या वारेला रक्त देतात, त्या सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हायला हव्यात. या आजारात, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढतो, लघवीत प्रथिनं जातात), त्या बऱ्याचदा अरुंदच राहतात. ऑक्सिजन अपुरा पडला की बाळ आतडी, मूत्रपिंडं, हातापायांचा वाटा कापून मेंदूकडे वळवतं. तेवढ्यानेही मेंदू पूर्ण वाचतोच असं नाही. अशा काही मुलांना पुढे बोलण्यात, लक्ष देण्यात, शिकण्यात अडचणी येतात.

“जातंय काकू, पण बाकीच्या अंगाचं तोडून जातंय.”

रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावला. मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं. मला हे स्वस्त, जुनं औषध फार आवडतं: आईला झटक्यांपासून राखतं आणि एवढ्या लवकर जन्मणाऱ्या बाळात सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूला इजा होऊन हालचालींवर कायमचा परिणाम) धोकाही कमी करतं. फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं पूर्ण झाली, पण लॅबेटालॉल, निफेडिपिन ही बीपीची औषधं देऊनही बीपी हटेना. सिझर झालं. बाळ किलोच्या थोडं वर.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी मीच केली. रक्तस्राव नव्हता.

“हुशार निघन न?”

ते माझ्या मशीनवर दिसत नाही. डोक्याचा घेर, डोळे, कान, मान कधी धरतं, कधी बोलतं, हे तपासत राहावं लागणार, तसं सांगितलं. सुनेचा बीपीही मोजत राहा म्हटलं. पुढच्या खेपेला दिवस गेल्याबरोबर दाखवा, हा आजार पुन्हा होण्याचा धोका कमी करायला अ‍ॅस्पिरिनची गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली बरी.

“तीन महिने व्हाच्या आंधी कोनी सांगते का मॅडम?” सासूबाई म्हणाल्या.

“गावाला नका सांगू. मला सांगा.”