बाबा, तो रस्ता माझा नव्हता

मागच्या शनिवारी न्यू जर्सीतल्या बेसबॉलच्या एका मैदानावर मी अंपायरवर ओरडलो. मराठीतून ओरडलो, तेवढं बरं झालं.

माझी लेक सई, वय १२, दुसऱ्या बेसवर होती. बॅटरनं जमिनीलगत चेंडू मारला, शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फील्डर पोर तो उचलायला वाकली आणि तिसऱ्या बेसकडे सुसाट निघालेली सई तिच्यावर आदळली. अंपायरचे दोन्ही हात वर. डेड बॉल, म्हणजे खेळ थांबला. सई आउट, बॅटरला पहिला बेस फुकटात. "अरे, ती सरळ धावत होती! मुद्दाम आदळली का?"

हे माझ्यातलं क्रिकेट बोलत होतं. २००६ साली पेशावरला रैनाचा थ्रो इंझमामनं बॅटनं अडवला आणि तो बाद झाला, तेव्हा घरात सगळे हसलो होतो. तिथे पंच हेतू बघतात. इथे मारलेल्या चेंडूवर फील्डरचा पहिला हक्क. रनरनं वळसा घालायचा. चुकून धडकली तरी ती आउटच. थ्रो केलेला चेंडू अंगाला लागला, तर मात्र तो मुद्दाम अडवला का ते पाहतात. आणि फील्डर चेंडूशी संबंध नसताना वाटेत उभी असेल, तर उलटा न्याय, त्याचं नाव ऑब्स्ट्रक्शन. हे सगळं गाडीत सईनं सांगितलं, चिप्स खात.

पहिल्या बेसची भानगड आणखी वेगळी. तिथे शेवटच्या निम्म्या अंतरात फाउल लाइनच्या, म्हणजे खेळाच्या हद्दीच्या रेषेच्या, उजवीकडे तीन फुटांची पट्टी असते; रनरनं तिच्यातून धावायचं. २०१९च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलची अंतिम मालिका) सहाव्या सामन्यात वॉशिंग्टनचा ट्रे टर्नर ही पट्टी सोडून मैदानाच्या आतल्या बाजूनं धावला, थ्रो त्याला लागला, आणि तो आउट. पुढे त्याच्याच संघातल्या रेंडननं होमर, म्हणजे थेट मैदानाबाहेरचा फटका, मारला म्हणून निभावलं, पण वाद घालणाऱ्या मॅनेजर मार्टिनेझला मैदानाबाहेर काढलंच. बेस तर लाइनच्या आत, मग माणूस धावणार कुठून? मेजर लीगनं २०२४ला ती पट्टी गवतापर्यंत रुंद केली. सईच्या लीगमध्ये पहिला बेसच जोडीचा आहे, पांढरा फील्डरचा, केशरी रनरचा. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

काल सई शॉर्टस्टॉपच्या मागून वळसा घालून गेली आणि तिसऱ्या बेसच्या दोन पावलं अलीकडे टॅग झाली, म्हणजे फील्डरनं चेंडू टेकवून तिला आउट केलं. मी मुकाट कॉफी पीत होतो.