एवढ्याशा तळ्यात कयाक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गाडीच्या टपावर कयाक (एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी) बांधत असले की कुणीतरी थांबतंच, आणि मी कुठल्या तळ्यावर निघालेय हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "या काठावरून मारलेला दगड त्या काठाला जाईल एवढंसं तळं ते. उभ्या उभ्या गळ टाकला तर बास मासा लागत नाही का? कयाक कशाला?"

लागतो की, हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं काठावरूनच मासे धरले. पण काठावर उभा असलेला माणूस काय करतो, आठवून बघा. अंगातला सगळा जोर लावून तो आमिष तळ्याच्या मध्यावर फेकतो, कारण मोठा मासा खोल पाण्यातच असणार असं त्याला वाटतं. बास मात्र बरेचदा त्याच्या पायापासून हातभर अंतरावर, लव्हाळ्याच्या मुळाशी नाहीतर पाण्यात आडव्या पडलेल्या ओंडक्याखाली असतो. लांबवर पाठलाग करत बसण्यापेक्षा आडोशाला दबा धरायचा आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालायची, ही त्याची रीत. आणि छोट्या तळ्यात आडोसा सापडतो तो मुख्यतः काठालाच. शिवाय आपल्या पावलांचा हादरा मातीतून पाण्यात उतरतो. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा असते, पाण्यातली हालचाल टिपणारी, तिला तो लगेच कळतो. आमिष पाण्यात पडण्याआधीच मासा सावध झालेला असतो.

कयाकमुळे बाजू बदलते. मी पाण्यात, आमिष काठाला. माझं उत्तर एवढंच आहे, पण त्यातच माझा अख्खा दिवस जातो.

माझी कयाक दहा फुटांची, आत न शिरता वर बसायची. पाण्यात ती वीतभरही बुडत नाही, त्यामुळे जिथे मोठी होडी रुतेल तिथे मी सहज जाते. पण ती पोकळ आहे हे विसरून चालत नाही. वल्हं कडेवर आपटलं की ढोलासारखा आवाज पाण्यात घुमतो आणि त्या कोपऱ्यातली शिकार संपते. म्हणून वल्हं टेकतं तिथे मी रबराचा फोम चिकटवलाय, आणि काठ तीस-चाळीस फुटांवर आला की वल्हवणं थांबवून नुसती वाहत जाते. लाईफ जॅकेट अंगातून काढायचं नाही, पाणी कंबरेएवढं असलं तरी.

पहाटे पहिल्या तळ्यावर कमळाच्या पानांपासून सुरुवात करते. आमिष रबरी बेडकाचं, गळाची टोकं त्याच्या पाठीला चिकटून वर वळलेली, म्हणून पानांत अडकत नाही. काठावरून हा बेडूक पानांच्या पट्ट्यापलीकडे टाकला तर तो उघड्या पाण्याकडून काठाकडे ओढावा लागतो. कयाकमधून तो काठावर, अगदी मातीवर टाकता येतो आणि तिथून पाण्यात उडी मारायला लावता येतो, खऱ्या बेडकासारखा. दोन हिसके, मग थांबायचं. पान हलतं. शेजारचं पान हलतं. आणि मग पानांच्या मधोमध पाणी आत ओढलं जातं, मोठा घोट घेतल्यासारखा आवाज होतो आणि बेडूक दिसेनासा होतो. बास चावत नाही. तोंड झटक्यात इतकं मोठं उघडतो की पाण्यासकट भक्ष्य आत खेचलं जातं. इथे हात आवरणं सगळ्यात अवघड. आवाज ऐकताच रॉड खेचला तर बेडूक तोंडातून निसटून येतो. माझे किती मासे असे गेले, त्याची गणती नाही. दोरीला वजन जाणवेपर्यंत थांबायचं, आणि मगच ओढायचं. ओढताना कयाकही माशाकडे सरकते आणि दोरी सैल पडते, म्हणून रीळ भराभर फिरवावं लागतं. दीड-दोन किलोचा मासा कयाकचं नाक सरळ स्वतःकडे वळवून तिला पानांत ओढत नेतो. पायाखाली जमीन नसताना माशाचं बळ जसं कळतं, तसं काठावर कळत नाही.

हातात घेण्याआधी हात ओले करते, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. अंगठा खालच्या ओठात, दुसरा हात पोटाखाली. दात सँडपेपरसारखे. दिवसअखेर अंगठा खरबरीत झालेला असतो, आणि तो मला आवडतो. मग सोडून देते.

याच तळ्यात वसंतात, पाणी सोळा-अठरा अंशांवर आलं की, उथळ तळाशी मोठ्या परातीएवढे फिकट गोल दिसतात. ती घरटी. नर शेपटीनं गाळ झाडून ती करतो आणि अंडी, पुढे पिल्लं राखत बसतो. त्याला गळाला लावणं सोपं असतं, पण तो बाहेर असतो तेवढ्या मिनिटांत छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. तिथे मी गळ टाकत नाही. कयाकमधून ही घरटी वरून स्वच्छ दिसतात, म्हणून टाळताही येतात.

दुपारी दुसरं तळं, गढूळ. गढूळ पाण्यात बास आडोशाला आणखी बिलगतो, तेव्हा थरथरणारं, फिरत्या पात्यांचं आमिष ओंडक्याला घासूनच न्यावं लागतं. वारा सुटला तर ज्या काठावर लाटा आपटतात तो काठ आधी, कारण बारीक जीव तिकडे लोटले जातात आणि मासे त्यांच्यामागे. नांगर टाकल्याशिवाय कयाक तिथे टिकत नाही.

तळं छोटं म्हणजे मासा छोटा, असंही धरू नका. जॉर्ज पेरीनं २ जून १९३२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा विक्रमी बास नदीपासून तुटलेल्या एका जुन्या वळणाच्या पाण्यातला होता. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, जपानच्या बिवा सरोवरात.

आणि कयाक नसेल तरी एक करून बघा. पाण्यापासून दहा पावलं मागे थांबा, आणि पहिला गळ मध्यावर न टाकता काठाला समांतर टाका.