तुम्ही विचारलंत म्हणून: मणका मोडल्यावर मदत कुठून मिळते?

“माणूस आंब्यावरून पडला, कमरेखाली जीवच नाही. सरकारकडून काही मिळेल का?” हा प्रश्न बहुतेक वेळा अपघाताला सहा-आठ महिने उलटून गेल्यावर येतो. मिळतं, पण त्यातल्या मोठ्या रकमांची मुदत पहिल्या तीस दिवसांतच संपलेली असते.

आधी त्याचं बँकेचं पासबुक काढा. मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसले, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे. (४३६ रुपयांची कपात जीवन ज्योती विम्याची असते, ती मृत्यूनंतरच मिळते.) वय १८ ते ७० आणि दोन्ही पाय कायमचे निकामी, तर २ लाख रुपये. पाय तुटलेलाच असावा लागतो असं नाही, त्याचा वापर कायमचा गेला तरी दावा बसतो. अर्ज बँकेच्या शाखेत ३० दिवसांत द्यायचा. अपंगत्वाचा दाखला तोवर हातात नसणारच, म्हणून निदान अपघात झाल्याची लेखी खबर देऊन पोच घ्या.

दावे बुडतात ते केसपेपरवर. झाडावरून पडल्याची पोलिसांत नोंद नसली तरी चालते, पण मग रुग्णालयाची लगेचची नोंद हाच पुरावा. धावपळीत नातेवाईक “पाठीत फार दुखतंय” एवढंच सांगतात आणि कागदावर तेवढंच उतरतं. ‘झाडावरून पडून इजा’, तारीख, वेळ, हे पहिल्याच केसपेपरवर लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवा.

सातबारा घरात कुणाच्या नावावर असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानही बघा. शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती, वय १० ते ७५, दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख. हा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, तोही ३० दिवसांत. अपघात रस्त्यावरचा असेल, तर पहिल्या सात दिवसांचे दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस होतात. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत लावा.

महिन्याच्या मदतीसाठी संजय गांधी निराधार योजना, अर्ज तहसीलमध्ये. दिव्यांगांना आता २,५०० रुपये मिळतात. अपंगत्व किमान ४० टक्के हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. ही मर्यादा फार तोकडी आहे, खऱ्या गरजू घरांनाही ती बाहेर ठेवते. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जिल्हा रुग्णालयातून होतं. सुरुवातीला तात्पुरता दाखला मिळाला, तर त्यावरची मुदत बघा, ती उलटली की मदत अडकू शकते. ‘निरामय’ विम्यामागे मात्र धावू नका, तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे.

या पैशांना सगळ्यात मोठी गळती लावतो तो बेडसोर, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून होणारी जखम. माकडहाडावरचं एक व्रण भरायला महिनोन्‌महिने जातात. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. खुर्चीत दर अर्ध्या तासाने पुढे किंवा बाजूला वाकून दोन मिनिटं भार काढायचा. रोज आरशात माकडहाड, कुल्ले, टाचा बघायच्या. लालसर डाग बोटाने दाबून पांढरा पडला नाही, तर तो भाग पूर्ण बरा होईपर्यंत त्यावर भार नको. भोक असलेली गोल रबरी रिंग तर अजिबात आणू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा उलट कमी होतो. लघवीची नळी दर चार-सहा तासांनी घालायची, मूत्राशयात अर्ध्या लिटरहून जास्त लघवी साठू द्यायची नाही.

आणि झाडाखाली जमलेल्यांसाठी: पडलेल्याला बखोटीला धरून उठवू नका, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. मणका मोडूनही शाबूत असलेली मज्जारज्जू या ओढाताणीत तुटू शकते. १०८ लावा, पाणी पाजू नका. हलवणं भागच असेल तर दाराची फळी आणा. एकाने डोकं दोन्ही हातांनी मानेच्या सरळ रेषेत धरायचं, तिघांनी एकाच बाजूला खांदा, कंबर आणि गुडघे धरायचे. डोकं धरणाऱ्याने मोजायचं आणि ‘तीन’ म्हटल्यावर सगळं अंग ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं, फळी खाली सरकवायची, आणि तसंच एकदम परत तिच्यावर उताणं घ्यायचं.