सहा आठवडे कसे?

"आमचा पोरगा सुट्टीवर येऊन महिनाच झाला, मग हे सहा आठवडे कसे?" आज साताऱ्यात सोनोग्राफीच्या रांगेत बसले होते तर शेजारच्या सासूबाईंनी सुनेचा रिपोर्ट धरून सगळ्यांसमोर विचारलं. पोरगा मिलिटरीत. सून बिचारी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत बसलेली, कारण हिशोब तिलाही माहीत नव्हता.

काउंटरवरची सिस्टर उठून आली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाली, मावशी, आठवडे भेटीपासून नाही मोजत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे गर्भ राहायच्या आधीचे साधारण दोन आठवडे कागदावर फुकटात धरलेलेच असतात, सहातले दोन काढा, उरला तुमचा महिना!

मावशी "हो का" एवढंच म्हणाल्या. सुनेकडे काही बघितलं नाही, मला ते जास्त लागलं.

ड्यू डेटही तशीच, पाळीच्या त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवायचे, 1 जानेवारी असेल तर 8 ऑक्टोबर, एकूण 280 दिवस. तेही पाळी 28 दिवसांची धरून, नाहीतर पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी बाळाची लांबी मोजून जे सांगते ते जास्त भरवशाचं. आणि नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच, तरी आपल्याकडे तारीख उलटली की फोन सुरू, "अजून नाही का गं?"

रिपोर्टवर आठवड्यांच्या खाली मराठीत एक ओळ छापायला काय हरकत आहे? की मोजणी पाळीपासून आहे, घरी भांडू नका?