सांतिनेज की ताळगाव? फ्लॅट घेण्याआधी काय तपासायचे

गोव्याची राजधानी पणजी, तिच्या सांतिनेज भागातला फ्लॅटचा दर ऐकून मान हलवली की दलाल म्हणतो, "मग शेजारचे ताळगाव बघू या, पाच मिनिटांवर आहे." अंतर खरेच तेवढे आहे. पण त्या पाच मिनिटांत महानगरपालिका संपते आणि पंचायत सुरू होते. जमिनीचे कागद बदलतात, सांडपाणी कुठे जाते तेही बदलते. दोन्हीकडे सारखी असते ती खाडी. म्हणून दराची तुलना सर्वांत शेवटी करावी.

आधी कागद. सांतिनेजमधली मिळकत पणजीच्या सिटी सर्व्हेत येते. तिची ओळख चलता नंबर (मिळकतीचा क्रमांक) आणि पी. टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा क्रमांक) यांवरून होते, आणि उतारा 'फॉर्म डी'चा असतो. ताळगावात बहुतेक ठिकाणी गावाचा सर्व्हे नंबर व पोटविभाग असतो आणि उतारा एक-चौदाचा (फॉर्म १ व १४). एक-चौदा काढला की लोक फक्त कब्जेदाराचे नाव वाचतात. वाचायचा खरा भाग त्याखाली आहे: कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना. तिथे कुळाचे नाव असेल किंवा मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) घराची नोंद असेल, तर तो प्रश्न लेखी सुटल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये. ताळगाव हे मूळचे शेतीचे गाव. जी शेतजमीन कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झाली, ती १९९१च्या जमीन वापर कायद्यामुळे शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. अशा जमिनीवरची इमारत कितीही देखणी असली तरी तिच्या नादी लागू नये.

एक-चौदा किंवा फॉर्म डी हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यामागचे खरेदीखत, पोर्तुगीज काळातली इन्स्क्रिप्शन-डिस्क्रिप्शनची (जमिनीचा धारक आणि वर्णन यांची) नोंद, जमीन कोमुनिदादीची (जुन्या गावसंस्थेची) असेल तर आफ्रामेंतचे (कायमच्या भाडेपट्ट्याचे) कागद, हे सगळे वकिलाकडून सलग लावून घ्यावे. विकणारा गोव्याच्या नागरी कायद्याखाली विवाहित असेल आणि लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर मालमत्ता साधारणपणे नवरा-बायको दोघांची सामाईक असते आणि खरेदीखतावर दोघांच्या सह्या लागतात. मिळकत वारशाने आलेली असेल तर सक्सेशन डीड (वारसांची नोंद करणारा दस्त) किंवा इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीचे न्यायालयीन कागद) मागा. परदेशातल्या एका भावाचे नाव राहून गेले, एवढ्यानेही व्यवहार वर्षानुवर्षे अडकतो. दोन्ही भाग तिसवाडी तालुक्यातच असल्याने बोजा नसल्याचा दाखला एकाच सब-रजिस्ट्रारकडून मिळतो. तो ३० वर्षांचा काढावा.

ताळगावात आणखी एक गोष्ट काटेकोरपणे पाहा. सनद, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी, पूर्ण भूखंडाची आहे की त्याच्या तुकड्याची? सनदीवरचे क्षेत्रफळ आणि मंजूर नकाशातले क्षेत्रफळ शेजारी ठेवून जुळवा. झोनिंगचा (जमीन कोणत्या वापरासाठी राखली आहे याचा) दाखला मिळाला तरी झोन केव्हा आणि कोणत्या कलमाखाली बदलला तेही विचारा. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९(अ) या कलमांखालच्या बदलांना न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. ही जोखीम घेणाऱ्याने उघड्या डोळ्यांनी घ्यावी.

आता पाणी. सांतिनेज खाडी ताळगावच्या नागाळी भागाकडून निघते आणि तांबडी माती, काम्राभाट, टोंक अशी फिरत कांपालजवळ मांडवीला मिळते. मांडवीला भरती आली की खाडीचे पाणी उतरायला जागा राहत नाही. त्याच वेळी जुलैचा जोरदार पाऊस कोसळला तर पाणी मागे तुंबते आणि सखल गल्ल्यांमध्ये साचते. त्यामुळे या पट्ट्यातले घर जानेवारीत पाहून काही कळत नाही. पावसाळ्यात अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, भरतीची वेळ पाहून जा. जाता आले नाही तर खुणा शोधा: तळमजल्याच्या भिंतीवर एका उंचीवर थांबलेली बुरशीची रेघ, मुद्दाम वर चढवलेले वीजमीटर, दुकानांच्या उंबऱ्यावर बांधलेले विटांचे बंधारे. तळमजल्यावरचा दुकानदार खरे सांगतो, कारण त्याला काही विकायचे नसते. खाडीला लागून इमारत असेल तर सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) परवानगीची प्रतही मागून घ्या.

जमिनीखालच्या टाकीचे झाकण रस्त्यापेक्षा किती वर आहे तेही मोजा. ते रस्त्याच्या पातळीला असेल तर साचलेले पाणी थेट पिण्याच्या पाण्यात उतरते. टाकीच्या आकाराचा हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात; १२ फ्लॅटच्या इमारतीला दिवसाला साधारण ६,५०० लिटर. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाकडून येणाऱ्या जलवाहिनीत बिघाड झाला की पणजी आणि ताळगाव दोन्हीकडे नळ कोरडे पडतात, म्हणून दोन दिवसांचा म्हणजे १३,००० लिटरचा साठा तरी हवा.

सांडपाण्याबाबत सांतिनेजचे पारडे जड आहे. पणजीची मलवाहिनी टोंकच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे जाते. तरीही आपली इमारत त्या वाहिनीला खरेच जोडलेली आहे का, हे चेंबर उघडून पाहावे. ताळगावात अनेक इमारती सेप्टिक टँक आणि सोक पिटवर (शोषखड्ड्यावर) चालतात. पठारावरच्या जांभ्यात पाणी मुरते. शेताच्या कडेच्या चिकट मातीत, जिथे पावसाळ्यात भूजल जवळजवळ पृष्ठभागापर्यंत येते, तिथे ते मुरत नाही आणि तळमजल्याच्या संडासातून उलट वर येते. मैला उपसणारा टँकर वर्षातून किती वेळा येतो, हे सोसायटीच्या खर्चाच्या वहीत दिसते. विहीर असेल तर सोक पिटापासून निदान १५ मीटर लांब हवी.

सांतिनेजमधल्या जुन्या इमारतींत पार्किंगमधले खांब आणि बाल्कनीचा खालचा भाग पाहा. खारट हवेने सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडते. खांबावर उभी भेग आणि तिच्यात तांबूस डाग दिसला तर वरून केलेला नवा रंग विसरा आणि संरचना अभियंत्याला बोलवा. दुरुस्तीचा खर्च सगळ्या सदनिकाधारकांवर वाटला जातो, म्हणून सोसायटी नोंदणीकृत आहे का आणि तिच्याकडे निधी किती आहे, हेही विचारावे.

ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, दोन्हीकडे लागते, इकडे महानगरपालिकेची, तिकडे पंचायतीची. वीज-पाण्याची जोडणी आहे म्हणजे ओसी आहेच, असे धरू नका. ओसी मिळालेला फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर जीएसटी नाही; बांधकाम सुरू असताना घेतला तर साधारणपणे ५ टक्के. नवी योजना गोवा रेराच्या (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर शोधा आणि तिथला नकाशा बिल्डरच्या पत्रकाशी ताडून पाहा.

बाजार, शाळा, बस यांत फारसा फरक नाही. कचऱ्याच्या वर्गीकरणाबाबत महानगरपालिका कडक आहे, आणि ते चांगलेच आहे.

दराकडे वळताना दोन्ही फ्लॅट कार्पेट (भिंतींच्या आतल्या) क्षेत्रफळावर आणा. दलाल १०० चौरस मीटर सुपर बिल्टअप (जिना, लॉबी वगैरेंचा वाटा धरून) सांगतो, आत कार्पेट बऱ्याचदा ७० ते ७५च भरते. मागितलेल्या किमतीत दुरुस्तीचा किंवा टँकरचा दहा वर्षांचा खर्च मिळवा आणि मग कार्पेटने भागा. माझ्या मते वाहिनीला जोडलेली, पाणी न साचणाऱ्या गल्लीतली सांतिनेजची धडधाकट इमारत थोडी महाग पडली तरी घ्यावी. ती नाही मिळाली तर ताळगावात पठाराच्या बाजूचे, जांभ्यावर उभे असलेले घर शोधावे. शेताच्या कडेचा फ्लॅट मात्र, बाल्कनीतून हिरवेगार दिसत असले तरी, पहिला पावसाळा पाहिल्याशिवाय घेऊ नये.