तुम्ही विचारलंत म्हणून: विभाजक माहीत नसताना संख्या संयुक्त कशी ठरते?

प्रचंड मोठ्या संख्यांचा विषय निघाला की कुणी ना कुणी मला हे विचारतंच: ‘अमुक संख्या संयुक्त आहे असं छातीठोकपणे सांगता आणि तिचा एकही विभाजक माहीत नाही असंही म्हणता. मग ती संयुक्त आहे हे कशावरून?’

प्रश्न रास्त आहे. शाळेत आपण भाग जातो का ते पाहूनच संयुक्त संख्या ओळखायला शिकतो. पण मूळ संख्यांना काही नियम पाळावेच लागतात, आणि त्यातला एक जरी मोडला तरी ती संख्या मूळ नाही हे सिद्ध होतं. मला सर्वांत आवडतो तो फर्माचा नियम. प ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल, तर २ च्या (प − १) व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ च उरते.

९१ घ्या. दिसायला अगदी मूळ वाटते. २ चा बारावा घात ४०९६, आणि ९१ × ४५ = ४०९५, म्हणजे बाकी १. मग बाराच्या सात पटीला, ८४ व्या घातालाही बाकी १ च. नव्वदाव्या घातापर्यंत अजून सहा घात उरले. २ चा सहावा घात ६४. बाकी १ यायला हवी होती, आली ६४. ९१ संयुक्त आहे, आणि हे ठरवताना ७ किंवा १३ चं नावही घ्यावं लागलं नाही. (उलट दिशेने मात्र हा नियम वापरता येत नाही. ३४१ म्हणजे ११ × ३१, तरी २ चा ३४० वा घात घेतला की बाकी १ च येते.)

ही युक्ती मोठ्या संख्यांनाही चालते, कारण वर्ग करायचा, भागून बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग करायचा, एवढंच काम असतं. विभाजक शोधायला असा जवळचा रस्ता आजवर कुणाला सापडलेला नाही. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त असल्याचं एद्वार ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं. ती १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ आहे हे फ्रँक नेल्सन कोल यांनी सांगितलं ते १९०३ मध्ये. आपले ऑनलाइन व्यवहार सुरक्षित ठेवणारी आरएसए पद्धत याच दरीवर उभी आहे.

या दरीची खोली खरी कळते ती फर्मा संख्यांमध्ये. २ चा घात घ्यायचा, घातांक म्हणून पुन्हा २ चाच न वा घात ठेवायचा आणि शेवटी १ मिळवायचा, की न वी फर्मा संख्या तयार होते. या सगळ्या मूळ असाव्यात असा फर्माचा अंदाज होता; पाचवीला ६४१ ने भाग जातो हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं. चोविसावी तर पन्नास लाखांहून जास्त अंकांची आहे. तिच्यासाठी १८७७ मधली पेपँ यांची कसोटी वापरली, ३ पासून सुरुवात करून लागोपाठ १,६७,७७,२१५ वेळा वर्ग केला, दर वेळी बाकी ठेवली. ती मूळ असती तर शेवटची बाकी तिच्यापेक्षा नेमकी एकने लहान आली असती. तशी आली नाही, आणि १९९९ मध्ये ती संयुक्त ठरली. विभाजक मात्र एकही हाती नाही. विसावीचंही तेच.

चौदावी फर्मा संख्या ४,९३३ अंकी. ती संयुक्त आहे हे १९६० च्या दशकातच कळलं होतं. तिचा पहिला विभाजक, ५४ अंकी, २०१० मध्ये मिळाला. त्याने भागल्यावर ४,८८० अंकी संख्या उरते. तीही संयुक्त आहे, हे अशाच कसोटीने ठरलेलं आहे. तिचे विभाजक शोधणं अजून चालू आहे.